माल काय आहे?

बऱ्याच शनिवारांनी लिहायला बसलोय. रिलीज, मग त्या रिलीजने मोडलेलं दुरुस्त करायला दुसरं रिलीज, ह्यात दोन महिने गेले. आम्हा आयटीतल्या हमालांचं हे नेहमीचंच, तेव्हा त्याबद्दल रडत नाही. आज खऱ्या हमालीबद्दल लिहायचंय. म्हणजे ओझं वाहण्याबद्दल, आणि ते ओझं नक्की कसलं हे वाहणाऱ्याला न सांगण्याबद्दल.

आमच्या सफाळ्याला शेजारी एक काका राहतात. आम्ही लहानपणापासून त्यांना टँकरकाका म्हणतो. १९८६ च्या सुमारास क्लीनर म्हणून गाडीवर चढले, १९९३ पासून केमिकलच्या टँकरवर ड्रायव्हर झाले आणि २०१७ मध्ये दमच पुरेना म्हणून खाली उतरले. आम्हा पोरांना त्यांच्याबद्दल दोनच गोष्टी ठाऊक होत्या. एक म्हणजे ते गुळाचा खडा देतात, आणि दुसरी म्हणजे त्यांना पुढचे दात नाहीत. दात पडण्याइतके ते तेव्हा म्हातारे नव्हते, पण पोरांना कुठे असले हिशेब सुचतात! आम्हाला वाटायचं, गूळ खाऊन किडले असतील.

तर दिवाळीनंतर एका रविवारी काका घरी आले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेल्या सात-आठ वह्या. म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला ना? ह्यात काही नंबर आहेत. गाडीच्या मागे लिहिलेले असायचे. मी आपले उतरवून ठेवलेत. ते कसले, जरा बघून सांग. छातीचा डॉक्टर विचारतो, काय काय नेत होतात? मी काय सांगू? माल नेत होतो!"

वह्या उघडल्या. ट्रिपच्या वह्या. तारीख, कुठून कुठे, किती टन, ॲडव्हान्स किती घेतला, डिझेल, टोल, एंट्री (म्हणजे वाटेत कुणाकुणाच्या हातावर ठेवावे लागलेले), खुराकी, आणि शेवटी मालकाकडून येणं किंवा मालकाला देणं. पानामागून पानं. सगळ्यात रुंद रकाना खर्चाचा. मालाच्या रकान्यात मात्र ओळीमागून ओळ एकच शब्द, 'माल'. कुठे कुठे 'ॲसिड', एके ठिकाणी 'वासाचं पाणी'. आणि समासात पेन्सिलने चार आकडी नंबर. १८३०. १८३१. १७८९. १५४७. १२९४. १७५४.

मंडळी, हे नंबर शोधायला मला दोन मिनिटं लागली. संयुक्त राष्ट्रांची एक तज्ज्ञ समिती आहे, तिने १९५६ साली धोकादायक मालाच्या वाहतुकीबद्दलच्या शिफारशी पहिल्यांदा छापल्या. त्याच यादीतले हे क्रमांक, जगभर एकच. १८३० म्हणजे गंधकाम्ल, आपलं सल्फ्युरिक ॲसिड. १८३१ म्हणजे ओलियम, म्हणजे जास्तीचा सल्फर ट्रायऑक्साइड पोटात घेऊन बसलेलं, सतत वाफाळणारं सल्फ्युरिक. १७८९ हायड्रोक्लोरिक. १५४७ ॲनिलीन. १२९४ टोल्युइन. १७५४ क्लोरोसल्फॉनिक ॲसिड. मला दोन मिनिटं लागली आणि काकांना चोवीस वर्षं. हे गणित डोक्यातून जाईना, म्हणून जरा मागे जाऊन वाचायला लागलो.

आता थोडा इतिहास. मुंबईच्या आसपास गंधकाम्ल काही आजचं नाही. अंबरनाथची धरमसी मोरारजी कंपनी १९१९ सालची. पण तेव्हाचं ॲसिड बरंचसं काचेच्या मोठ्या बुधल्यांत भरून, बुधल्यांभोवती पेंढा आणि पाट्या लावून जायचं. १९५४-५५ मध्ये तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, तेलशुद्धीकरण कारखाने आले, त्यांच्या जोडीने पेट्रोकेमिकल आलं. ठाणे-बेलापूर पट्टा भरला. १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली आणि कारखाने मुंबईबाहेर ढकलायचं धोरण ठरलं. इकडे उत्तरेला तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं. मग सत्तरच्या दशकात बोईसरला तारापूर औद्योगिक वसाहत उभी राहिली. नाव तारापूरचं, पण जमीन गेली ती कोळवडे, कुंभवली, सालवड, पास्थळ, सरावली ह्या गावांकडची.

सफाळ्याहून बोईसर म्हणजे केळवे रोड, पालघर, उमरोळी, की आलंच. एप्रिल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली तेव्हा मी शाळेत होतो. डोळे मिटून बसलात तरी बोईसर आलं हे नाकाला कळतं, हे आमच्याकडच्या कुठल्याही पासहोल्डरला विचारा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा ९३.६९ गुण मिळवून तारापूर देशात पहिलं आलं होतं. दहावीत असे मार्क मला मिळाले असते तर आईने पेढे वाटले असते :-)

पण माझा प्रश्न वेगळा होता. स्टेशनातून रूळ जातात, मालगाड्या धावतात, मग हे सगळं केमिकल रस्त्यानेच का जातं? काकांनी एका वाक्यात सांगितलं, "अरे, एकेका कंपनीला एक-एक गाडीच तर लागते!" बरोब्बर. तारापूरचं वैशिष्ट्य म्हणजे तिथले बहुसंख्य कारखाने छोटे. रंग, रंगांसाठी लागणारी मधली रसायनं, औषधांची कच्ची रसायनं. प्रत्येकाला दहा-वीस टन हवं, तेही आठवड्याला, साठवायला मोठी टाकी परवडत नाही. अख्खी रेल्वेची रेक कोण घेणार? आणि एकाचा कचरा तो दुसऱ्याचा कच्चा माल. रंगाच्या कारखान्यातून निघालेलं वापरलेलं सल्फ्युरिक दुसरीकडे सुपरफॉस्फेट खत करायला चालतं, तुरटी करायला चालतं. आमच्या भाषेत सांगायचं तर ह्या सगळ्या मायक्रोसर्व्हिसेस आहेत, आणि त्यांच्यामधलं नेटवर्क म्हणजे टँकर. नेटवर्क नेहमी गृहीतच धरलेलं असतं, ते तुटेपर्यंत त्याचं नाव कुणी काढत नाही.

हे नेटवर्क म्हणजे आपला अहमदाबाद हायवे, पूर्वीचा आठ नंबर, आता ४८. वसई खाडीवरचा वरसावे पूल, वरई फाटा, मनोर, चिल्हार फाटा, आणि तिथून आत बोईसर. नाहीतर अंबरनाथकडून भिवंडी-वाडा-मनोर. (ह्या भिवंडी-वाडा रस्त्यावरून ज्यांनी एकदा तरी प्रवास केलाय त्यांच्या कमरेला माझा साष्टांग नमस्कार.) दहिसर ते अच्छाड हा १२१ किलोमीटरचा तुकडा. ह्याच तुकड्यावर जानेवारी २०१४ मध्ये अहमदाबादला निघालेली एक खाजगी बस आणि डिझेलचा टँकर एकमेकांवर आदळले, बसमधली माणसं झोपेतच जळाली. दोन महिन्यांच्या आत, मार्चमध्ये, चारोटीजवळ गॅसचा टँकर उलटून स्फोट झाला आणि आणखी माणसं गेली. आपल्याला चारोटी आठवतं ते सप्टेंबर २०२२ मध्ये सायरस मिस्त्री तिथे अपघातात गेले म्हणून. काकांना आठवतं ते दुसऱ्या कारणाने. "त्या दिवशी मी मागे दोन गाड्या होतो," एवढंच म्हणाले. पुढे बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

भोपाळ डिसेंबर १९८४ चं. आपल्याकडे कायदे लागतात ते माणसं मेल्यावर, तसे तेव्हाही लागले. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ मध्ये कारखाने कायद्यात घातलेलं धोकादायक प्रक्रियांचं प्रकरण, १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि त्याखालचे १९८९ चे केंद्रीय नियम. हे केंद्रीय नियम मी बसून वाचले. (होय, रविवारी. माझं लग्न ठरत नाही ह्याचं कारण आईला हेच वाटतं.) नियम १२९ पासून १३७ पर्यंत धोकादायक मालाचे. माल पाठवणाऱ्याने काय सांगायचं, ट्रान्सपोर्टरने काय करायचं, ड्रायव्हरने काय सांभाळायचं, टँकरवर कुठली पाटी लावायची, सगळं आहे. वाचायला उत्तम. नियम ९ तर भारीच. असा माल नेणाऱ्या ड्रायव्हरला घटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भारतीय भाषा आणि शिवाय इंग्रजी लिहिता-वाचता आलं पाहिजे, आणि त्याने तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं पाहिजे. मग लायसन्सवर तसा शेरा मारून मिळतो. तो शेरा २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत फक्त एक वर्ष चालायचा, मग पुन्हा एक दिवसाची उजळणी. दुरुस्तीनंतर तीन वर्षं चालतो.

काकांना विचारलं, इंग्रजी? ते हसले. "सही येते." आणि तीन दिवसांचं प्रशिक्षण? तर म्हणे एजंटला पैसे दिले, प्रमाणपत्र घरपोच. आता ह्यावर आपण नाक मुरडू शकतो. पण जरा हिशेब मांडा. काकांना महिन्याचा ठरलेला पगार अगदी बेताचा, खरी कमाई ट्रिपवर. तीन दिवस वर्गात बसायचं म्हणजे एक लांबची ट्रिप गेली. ती भरून कोण देणार? मालक म्हणतो लायसन्स तुझं, तू बघ. कंपनी म्हणते ड्रायव्हर ट्रान्सपोर्टरचा. सुरक्षेचं शिक्षण घेण्याची किंमत ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसे त्याच्याच खिशातून जाणार असेल तर एजंटचा धंदा चालणारच. माझ्या कंपनीत मला वर्षातून एकदा फिशिंगच्या मेल कशा ओळखाव्यात ह्याचं सक्तीचं ट्रेनिंग असतं, भरपगारी, वर सामोसा मिळतो.

आता त्या पाटीबद्दल. टँकरवर मागे आणि बाजूंना जो चौकोन असतो, त्यात हा चार आकडी क्रमांक, धोक्याचं चिन्ह, फोन नंबर आणि '२पी' किंवा '२एक्सई' असला एक कोड असतो. तो हॅझकेम कोड, मूळ लंडनच्या अग्निशमन दलातून निघालेला. पाणी मारायचं की फेस, सूट घालायचा की नाही, वस्ती हलवायची की नाही, हे आगीच्या बंबावरच्या माणसाला दुरून कळावं म्हणून. फार हुशारीची रचना आहे, मला मनापासून आवडली. पण लक्षात घ्या, ही सगळी माहिती अपघात झाल्यावर येणाऱ्या माणसासाठी आहे. अपघात झालाच नाही, चोवीस वर्षं गाडी सुखरूप पोचत राहिली, तर त्या पाटीचा उपयोग शून्य. केबिनमध्ये बसून पाटी दिसतही नाही. ड्रायव्हरसाठी असतं ते ट्रेम कार्ड, आणि काकांच्या गाडीत ते इंग्रजीत, लॅमिनेट करून, सूर्यझडपेच्या मागे खोचलेलं. पोलिसाने मागितलं की काढून दाखवायचं. "देवाच्या फोटोच्या बाजूला असायचं," काका म्हणाले.

आणि सुखरूप पोचण्यातच तर खरी गोम आहे. आपल्याला केमिकलचा टँकर म्हटलं की स्फोट दिसतो, टीव्हीवर दाखवतात तसा. १३ जून २०२३ ला मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर खंडाळ्याजवळ केमिकलचा टँकर पेटला, पुलाखालून जाणाऱ्यांच्या अंगावर आग पडली, चार माणसं गेली, ते आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर आलं. पण काकांचे दात कुठल्याच स्फोटात गेले नाहीत. ते गेले झाकण उघडण्यात.

हे त्यांनी समजावून सांगितलं तसंच लिहितो. गाडी कंपनीत पोचली की आधी काट्यावर वजन. मग लॅबचा माणूस सॅम्पल मागतो. वर कोण चढणार? ड्रायव्हर नाहीतर क्लीनर. शिडीवरून चढायचं, मॅनहोलचं झाकण सोडवायचं, आणि उन्हात दिवसभर तापलेल्या टाकीतली कोंडलेली वाफ पहिल्यांदा बाहेर येते ती झाकण उघडणाऱ्याच्या तोंडावर. ओलियम असेल तर पांढरा धूर. आपली कोकणची हवा दमट, पावसाळ्यात तर विचारूच नका. सल्फर ट्रायऑक्साइडला हवेतलं पाणी मिळालं की ॲसिडचं धुकं होतं. ते धुकं दातांवरचं कवच हळूहळू खातं, ओठांनी न झाकलेले पुढचे दात आधी. बॅटरीच्या आणि ॲसिडच्या कारखान्यांतल्या कामगारांत हे डॉक्टरांनी कधीच नोंदवून ठेवलंय. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सल्फ्युरिक असलेल्या तीव्र ॲसिडच्या धुक्याला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं ते १९९२ मध्ये. म्हणजे काका ह्या गाडीवर चढण्याच्या एक वर्ष आधी. २०१२ मध्ये त्याच गटात डिझेलचा धूर गेला, आणि त्या निर्णयामागच्या पुराव्यात अमेरिकेतल्या ट्रक ड्रायव्हरांचे अभ्यास होते.

१५४७, ॲनिलीन. हे तर कातडीतून आत शिरतं. रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी करतं, ओठ-नखं निळी पडतात, डोकं धरतं. काकांना आठवलं. पाइप सोडवताना पँटवर सांडलं होतं, संध्याकाळी हायवेवर डोळ्यांपुढे अंधारी आली. ढाब्यावर गाडी लावली, दोन ग्लास ताक प्यायले आणि झोपले. पँट तीच. बायकोने दोन दिवसांनी धुतली. खरं तर कपडे ताबडतोब काढून अंग साबणाने धुवायला हवं होतं. पण 'वासाचं पाणी' सांडल्यावर काय करायचं हे कुणाला कसं कळणार?

आणखी एक गोष्ट ऐकून इंजिनिअर असून मी चाट पडलो. तीव्र सल्फ्युरिक साध्या लोखंडी टाकीत नेता येतं, ते लोखंडाला विशेष खात नाही. पण टाकी धुवायला पाणी मारलं की आत उरलेलं ॲसिड पातळ होतं, आणि पातळ ॲसिड लोखंड खातं आणि हायड्रोजन सोडतं. मग गळतीवर ठिगळ मारायला वेल्डर ठिणगी पाडतो... पुढचं सांगायला नको. डिग्री घेताना हे समीकरण मी दोनदा लिहून मार्क मिळवलेत. काकांना ते समीकरण माहीत नव्हतं, पण "धुतलेल्या गाडीला लगेच वेल्डिंग करू देत नाही मी" हे माहीत होतं. कसं कळलं, तर मनोरच्या बाजूला एका गॅरेजमध्ये एक पोरगा गेला होता. म्हणजे ह्या धंद्यात ज्ञान असं जमतं.

आणि गूळ! गुळाचं कोडं उलगडलं. धुळीच्या आणि केमिकलच्या कारखान्यांत कामगारांना गूळ देण्याची जुनी पद्धत आहे, त्याने घसा आणि छाती साफ होते अशी समजूत. काकांच्या खिशात कायम असायचा. मास्क नव्हता, गूळ होता.

आता पैशाकडे येतो. 'वेजेस ऑफ फिअर' हा १९५३ चा फ्रेंच सिनेमा तुमच्यातल्या काहींनी पाहिला असेल. तेलविहिरीची आग विझवायला नायट्रोग्लिसरीन ट्रकने न्यायचंय, रस्ता खड्ड्यांचा, जो पोचवेल त्याला दोन हजार डॉलर. धोका मोठा म्हणून पैसा मोठा. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये हेच सांगून ठेवलंय. काम जितकं घाणेरडं, जितकं नकोसं, तितकी मजुरी चढी, आणि कामाच्या मानाने सगळ्यात चांगला पैसा फाशी देणाऱ्या जल्लादाला. कॉलेजात आमच्या इकॉनॉमिक्सच्या सरांनी हे फळ्यावर काढलं होतं, आणि मी मान डोलावली होती.

काकांना विचारलं, ॲसिडच्या ट्रिपला साखरेच्या ट्रिपपेक्षा किती जास्त मिळायचे? त्यांनी वही चाळली. जुन्या मालकाकडे ते साधा माल पण न्यायचे, त्याची पानं शेजारीच होती. म्हणाले, "खुराकी थोडी जास्त. एक वडापाव धर ना." काही मालक तेवढंही देत नसत. उलट ॲसिडची गाडी परत येताना रिकामी. साखर पोचवून कांदे भरता येतात, ओलियमच्या टाकीत काय भरणार? परतीचं भाडं नाही म्हणून मालक डिझेलला हात आखडता घेतो, आणि ते निघतं ड्रायव्हरच्या हिशेबातून. कंपनीच्या गेटवर गाडी दोन-दोन दिवस उभी राहिली तर हॉल्टिंग मिळतं ते मालकाला. काकांच्या वहीत त्या दिवसांपुढे नुसती रेघ आहे. २०१६ पासून वरसावे पुलाच्या दुरुस्तीसाठी जड वाहनं अडवायला लागले, तेव्हाचं वहीतलं एक पान तर सगळंच रेघांचं आहे. ट्रिपवर पैसे म्हटलं की पुलाची तडा ड्रायव्हरच्या ताटात येते.

मग स्मिथ चुकला का? घरी येऊन तो भाग पुन्हा काढून वाचला. तो म्हणतो, जे धंदे आरोग्याला अपायकारक असल्याचं माहीत असतं, त्यांत मजुरी हमखास जास्त असते. माहीत असतं! सगळी मेख ह्या शब्दात आहे. काम नको म्हणायला, किंवा जास्त पैसे मागायला, आधी ते वाईट आहे हे कळावं लागतं. मालाच्या रकान्यात 'माल' लिहिणाऱ्या माणसाने कशाच्या जोरावर भाव करायचा? ट्रिपचा भाव कंपनी, ट्रान्सपोर्टर, ब्रोकर, गाडीमालक ह्या उतरंडीवरून खाली येतो, प्रत्येक पायरीवर थोडा झिरपतो. मालाचं नाव वरच्या पायऱ्यांवरच राहतं. धोका तेवढा जसाच्या तसा तळापर्यंत पोचतो, त्यातून कुणी कमिशन घेत नाही.

कायदा कुठे होता, असं तुम्ही विचाराल. होता की. १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास म्हणत होता. पण पाच किंवा जास्त कामगार असतील तरच. कर्मचारी विम्याला दहा लागतात. आपल्याकडे बहुतेक गाड्या एक-दोन गाड्यांच्या मालकांच्या. काकांच्या शेवटच्या मालकाकडे दोन टँकर, दोन ड्रायव्हर, दोन क्लीनर. म्हणजे चार! एका माणसाने कायदा हुकला. कारखाने कायद्यातल्या १९८७ च्या प्रकरणाने धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराची दर वर्षी वैद्यकीय तपासणी आणि तिची नोंद सक्तीची केली होती, पण ती कारखान्याच्या कामगारासाठी. काका त्याच कारखान्याच्या आवारात, त्याच टाकीच्या तोंडाशी उभे, पण रजिस्टरमध्ये ते 'बाहेरची गाडी'. नोव्हेंबर २०२५ मध्ये हे सगळे कायदे नव्या कामगार संहितांत विलीन झाले. तो आकड्यांचा खेळ नव्या मांडणीत कसा बसतो ते पुढच्या वह्यांतून कळेल.

सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये दहा शहरांतल्या ट्रक ड्रायव्हरांची पाहणी प्रसिद्ध केली होती. दिवसाला सरासरी सुमारे बारा तास गाडी चालवतात, निम्मे जण थकवा किंवा झोप येत असतानाही चालवत राहतात, आणि ८४ टक्के म्हणतात की घरातल्या कुणाला ह्या धंद्यात येऊ देणार नाही. काकांचा मुलगा पालघरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. टक्केवारीत आणखी एक.

ड्रायव्हरच्या तब्येतीची काळजी सरकारने कधी घेतलीच नाही असं मात्र नाही. १९९६ च्या सुमारास ब्रिटिश मदतीने 'हेल्दी हायवेज' नावाचा प्रकल्प आला, २००३ नंतर गेट्स फाउंडेशनच्या 'आवाहन' मधून हायवेवर ड्रायव्हरांसाठी दवाखाने निघाले. सगळे एड्ससाठी. चांगलं काम होतं, त्याने जीव वाचले, त्याबद्दल तक्रार नाही. पण काकांचं म्हणणं ऐका. "ढाब्यावर बाई यायची, निरोध द्यायची, रक्त तपासायची. छातीला नळी कुणी लावली नाही." मला वाटतं (हे माझं मत, तुमचं वेगळं असू शकतं) त्या वेळी ड्रायव्हर कुणाच्या तरी डोळ्यांत भरला तो रोग पसरवणारा म्हणून. त्याला स्वतःला काय होतंय हा प्रश्न नव्हताच. पाटी जशी आग विझवणाऱ्यासाठी, तसा दवाखाना बाकीच्यांसाठी.

बाहेर फार वेगळं होतं असंही नाही. स्पेनमध्ये ११ जुलै १९७८ ला लोस अल्फाकेस नावाच्या समुद्रकाठच्या कॅम्पिंगपाशी प्रोपिलिनचा टँकर फुटला, २१७ माणसं गेली, ड्रायव्हरसुद्धा. १९ टनांच्या आसपास मर्यादा असलेल्या टाकीत २३ टनांहून जास्त भरलं होतं, आणि गाडी टोलचा हमरस्ता सोडून वस्तीच्या किनारी रस्त्याने चालली होती. टोल वाचवायला. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी लगेच विचारलं, "टोलचे पैसे मालक देत होता का त्याला?"

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत तुम्हीही पेट्रोलपंपावर रांगेत उभे राहिला असाल. अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, हे भारतीय न्याय संहितेतलं कलम १०६ (२). त्याविरुद्ध ड्रायव्हर बसले, मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोतून टँकर निघेनात, आणि आपल्याला एकदम शोध लागला की गाड्या माणसं चालवतात. ते कलम मग बाजूला ठेवलं गेलं, संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली तरी तेवढं थांबलेलं. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर तेव्हा 'पळून जाणाऱ्याला शिक्षा नको तर काय' असे मेसेज फिरत होते, मीही एकाला अंगठा दाखवला होता, खोटं कशाला बोलू. काकांनी शांतपणे सांगितलं, की टँकर उलटला आणि वास यायला लागला तर आधी वाऱ्याच्या उलट दिशेला पळायचं असतं. जो थांबतो तो मरतो. आणि लोक जमले की मारतात ते वेगळंच. पोलिसांना कळवायचंच असतं, १९८९ च्या नियमांतही ते आहे. पण कळवायला जिवंत राहावं लागतं.

असो. फार लांबलं.

मी सगळ्या क्रमांकांची मराठीत यादी केली. नाव, ते अंगात कुठून शिरतं, कशावर परिणाम करतं. छापताना दोनदा थांबलो. साठीच्या माणसाला आता हे सांगून काय मिळवतोय मी? बेंझिनच्या विकारांना नुकसानभरपाईच्या कायद्यात जागा आहे, पण त्यासाठी कुणाकडे, किती दिवस, कुठला माल, हे दाखवावं लागतं. बिल्ट्या मालकांकडे, मालकांपैकी एक वारला, एकाने धंदा बंद केला, आणि वहीत 'माल'. तरी छापली. त्यांनीच मागितली होती.

काकांनी चष्मा लावून यादी पूर्ण वाचली, बोट ओळीवरून फिरवत. ओलियमपाशी थांबून दातांच्या जागेवरून जीभ फिरवली. मग म्हणाले, "म्हणजे गुळाचा काही उपयोग नव्हता?"

मी म्हटलं, "नसावा, काका."

पुढच्या बुधवारी त्यांना घेऊन छातीच्या डॉक्टरकडे गेलो. केसपेपरवर व्यवसायाच्या पुढे 'ड्रायव्हर (निवृत्त)' असं लिहिलेलं होतं. काकांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि त्याच्याखाली स्वतःच्या अक्षरात सहाही नंबर लिहिले. डॉक्टरांनी कागद फिरवून बघितला आणि विचारलं, "हे काय, फोन नंबर आहेत का?"

काका म्हणाले, "नाही साहेब. माल आहे."